धनाजीरावांची आपट्याची रांग

कांचनाची चार झाडं मी वाचवली आणि आपट्याची सगळी रांग जमिनीलगत कापून टाकली. सांगितलं होतं नेमकं उलट.

माझी बाजू एवढीच की आमच्या धरणगावात दसऱ्याला जी पानं सोनं म्हणून वाटतात, ती तळहाताएवढी, पातळ आणि हिरवीगार असतात. बाजारात टोपली घेऊन बसलेली बाई त्यांना आपटा म्हणते, घेणारे आपटा म्हणतात, आमचे मास्तरसुद्धा तीच पानं घेऊन 'सोन्यासारखा राहा' म्हणायचे. सगळं गाव बिनदिक्कत कांचन वाटतंय हे कळायला मला बडोद्याला यावं लागलं. त्यामुळे डभोई रस्त्यावरच्या धनाजीकाकांच्या शेतात, बांधावर, गुडघ्याएवढ्या थोटांवर उभी असलेली खुरट्या, जाड, खरबरीत पानांची झुडपं दिसली आणि त्यांच्या मधेमधे चार टवटवीत मोठ्या पानांची, तेव्हा सोनं कोणतं आणि कचरा कोणता हे ठरवायला मला अजिबात वेळ लागला नाही. हातात धारिया होता, म्हणजे लांब दांड्याचा कोयता. नवशिक्याच्या हातात धार आली की झाडाचं काही खरं नसतं. मी थोटंसुद्धा ठेवली नाहीत. टेबलासारखी सपाट करून टाकली. कडेचा गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, तोडायला सांगितला होता, तो मात्र काटे लागतात म्हणून उद्यावर ढकलला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा काका सुजलेला पाय पाटावर ठेवून बसले होते. गणपती पोचवायला सुरसागर तलावापर्यंत मिरवणुकीत नाचत गेले होते, त्याचं ते फळ. नाहीतर बांधावर दुसऱ्या कुणाला पाठवतील तर ते धनाजीराव कसले!

"काय वसंतराव, झाली का साफसफाई?"

"एकदम. तुमचं सोनं मात्र जपलंय हं काका. चारही झाडांना हात लावला नाही."

"चार?" काकांनी कप खाली ठेवला. "चार कुठली?"

मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिला माझ्याआधी कळलं. तिनं कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे बघून गुजरातीत म्हणाली, "साव नकामो!" मावशी गुजरातीत बोलायला लागली की समजायचं, मराठीत बोलण्यासारखं काही उरलं नाही.

काका एक अक्षर बोलले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरलो. हा माणूस दूधवाल्याला, रेडिओला, पंख्याला आणि माझ्या केसांच्या भांगाला रोज ओरडतो.

धनाजीकाका म्हणजे माझ्या इंदूमावशीचे यजमान. मकरपुऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये मला कामाला चिकटवलं त्यांनीच आणि घरात ठेवून घेतलंही त्यांनीच. त्यांचं घराणं घोड्यावरून हळूहळू पायउतार होत आलेलं. पणजोबा संस्थानच्या फौजेत शिलेदार. आजोबा राजवाड्याच्या पहाऱ्यावर. वडील तुरुंगाच्या पहाऱ्यावर. आणि स्वतः काका मकरपुऱ्यातल्या कारखान्याच्या फाटकावर. घोडा गेला, तलवार गेली. मिशी आणि आवाज तेवढा वारसाहक्कानं खाली आला. कामगारांच्या बसला फाटक उघडतानासुद्धा ते असे उघडतात की जणू आत हत्ती येतोय.

ही सगळी शिलेदारी रविवारी आपट्याच्या रांगेवर चालायची. रांग त्यांच्या आईनं, जिजाबाईंनी लावलेली. पावागढच्या वाटेवरून शेंगा आणून त्यांनी बी पेरलं होतं. झाड वाढू दिलं तर बांध खाईल, पिकावर सावली करेल, म्हणून दरवर्षी होळीनंतर, पानं झडली की गुडघ्यापाशी कापायचं. काप तिरपा, म्हणजे पाणी थोटावर बसत नाही. मग उन्हाळ्याच्या अखेरीला एकेका थोटावर पंधरा-वीस फुटवे येतात. ते सगळे ठेवले तर सगळेच किडकिडीत राहतात. काका पावसाच्या आधी रांगेवरून फिरत आणि प्रत्येक थोटावर दणकट तेवढे तीन-चार ठेवून बाकीचे मोडून टाकत. याला ते 'हजेरी' म्हणत.

"तू उभा राहा. तूही. तू लंगडा, घरी जा. तू कुणाचा रे? चल, सुटी!"

बांधाच्या पलीकडच्या शेतातले शनाभाई हे ऐकून विडी विझेपर्यंत हसत. त्यांची विडीही पुष्कळदा याच पानाची असे. मोडलेले फुटवे शनाभाईंच्या चुलीत जात, सालीचा दोर होई, आणि उरलेल्या फुटव्यांवर दसऱ्यापर्यंत ती जाड, दुभंगलेली पानं डवरत. काका पिशवी भरून घेत. ओळखीपाळखीच्या घरांना ती वाटली जात, पण पिशवी खरी एका माणसासाठी असे.

तो माणूस म्हणजे काकांचे थोरले भाऊ, प्रतापसिंहराव. शियाबागेत राहतात. सगळे त्यांना दादा म्हणतात. जमीन दोघांच्या वाटणीची होती. काही वर्षांपूर्वी दादांनी आपला अर्धा भाग प्लॉट पाडणाऱ्या एका सोसायटीला विकला आणि धाकट्याला सांगितलं नाही. काकांना ते फाटकावर एका ट्रक ड्रायव्हरकडून कळलं. ड्यूटी संपताच ते गणवेशातच शियाबागेत गेले, दारात उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही!"

जिजाबाई तेव्हा होत्या. दादांच्याच ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आणि दसऱ्याला थोरल्याला सोनं कोण देणार?"

काकांची पंचाईत झाली. शपथ तर घेऊन झालेली, गल्ली तर ऐकतेय. मग म्हणाले, "दसऱ्याला येईन. आपल्या बांधाचं सोनं घेऊन येईन. ते नसेल त्या वर्षी तेही नाही."

"बरं," जिजाबाई म्हणाल्या आणि पुढची शेंग घेतली.

तेव्हापासून वर्षाला एक भेट. काका पान देतात, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," म्हणतात. दादा पान देतात, "घे," म्हणतात. मथुरावहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, चहा आणतात. चहा संपला की काका उठतात. एका साली रोझांनी, म्हणजे नीलगायींनी रांग ओरबाडून खाल्ली होती. तेव्हा काका मांडवीच्या बाजारातून पानं घेऊन निघाले, शियाबागेच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि पिशवी तशीच घेऊन परत आले. दादा त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत दारात खुर्ची टाकून बसले होते, हे मथुरावहिनींनी मागाहून मावशीला सांगितलं. मावशीनं ते काकांना सांगितलं. काका म्हणाले, "हवा खात असेल."

यंदा श्रावणात दादांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मावशी लगेच जाऊन आली. काका गेले नाहीत, कारण दसरा नव्हता. पण रोज ड्यूटीवरून येताना सायकल शियाबागेवरून यायला लागली. मकरपुऱ्याहून आमच्या घरी यायला शियाबाग म्हणजे बडोद्याला उलटी प्रदक्षिणा. मी एकदा त्यांच्या मागे होतो. दादांच्या घरासमोर त्यांनी घंटी वाजवली. समोर रस्त्यावर कुणीही नव्हतं. वाजवली आणि तसेच पुढे गेले.

मथुरावहिनींचा निरोप आला होता: "दसऱ्याला या. ते बोलत नाहीत, पण दाराकडे बघतात."

आणि मी रांग कापून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी काका सुजल्या पायानं प्रतापनगर स्टेशनातून डभोईच्या छोट्या आगगाडीत बसले. मी समोर बसलो. गाडी इतकी हळू जाते की खाली उतरून माफी मागून परत चढता आलं असतं. मी बसल्या जागीच मागायला लागलो, तर म्हणाले, "बाहेर बघ."

बांधावर त्यांनी रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाय ओढत चक्कर मारली. पावसानं सपाट कापांवर पाणी साचलं होतं. चार कांचन मधे मजेत डुलत होते. काका एका थोटाजवळ खाली बसले आणि बोटानं पाणी पुसलं. मग दुसऱ्याजवळ बसले.

"पुन्हा कापू, तिरपं," मी म्हणालो.

"कापू."

"मग फुटतील?"

"मला काय विचारतो? त्यांना विचार!" हा पहिला ओरडा. माझ्या जिवात जीव आला.

आम्ही एकेका खुंटाचा माथा तिरपा केला, वर शेण आणि माती लिंपली. त्याच्यापुढे करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि सगळा त्रास त्यातच होता. धनाजीरावांना काही ना काही करायला लागतं. फाटक उघडायला लागतं, बंद करायला लागतं, कुणाला तरी हटकायला लागतं. खुंटाला हटकून काय होणार? तरी त्यांनी हटकून बघितलं. ओळीसमोर उभे राहून "सावधान!" म्हणाले. शनाभाई पलीकडून म्हणाले, "साहेब, आ तो झाड छे, पलटण नथी. एनी मेळे फूटशे." म्हणजे आपलं आपण फुटेल.

"केव्हा? दसऱ्यानंतर?"

"ए तो झाडने खबर," शनाभाई म्हणाले आणि विडी शोधायला लागले.

पितृपक्ष सुरू झाला. मावशीनं हळदीचं पाणी दिलं, ते शिंपडलं. कारखान्यातला कुणीतरी युरिया म्हणाला, दुसरा म्हणाला युरियानं जळेल. तो टाकला नाही, आणि टाकला असता तर बरं झालं असतं असं काका रोज म्हणत राहिले. ड्यूटी संपली की प्रतापनगर, छोटी गाडी, बांध, अंधार पडायच्या आत परत. मीही जायचो. आम्ही दोघं बांधावर बसून कापलेल्या लाकडाकडे बघायचो. असला पाहुणचार त्या लाकडाला कधी मिळाला नसेल.

"काका, मांडवीहून आणू या ना," मी एकदा म्हणालो. "पानावर थोडंच नाव असतं? दादांना काय कळणार?"

"त्याला नाही कळणार."

"मग?"

"मला कळेल की नाही, गधेड्या!"

घरी मावशीनं दुसऱ्या बाजूनं घेतलं. "भाऊ आजारी आहे. पानाशिवाय गेलात तर काय पोलीस पकडतील?"

"शब्द दिलाय."

"कुणाला? सासूबाई गेल्या. दादांना बोलता येत नाही. गल्लीतले निम्मे लोक घरं सोडून गेले. शब्द ऐकलेलं आहे कोण?"

काकांनी मिशी चावली. मग म्हणाले, "श्रावणात गेलो नाही. पडला त्या दिवशी गेलो नाही. आता हात हलवत जाऊन काय सांगू, का नव्हतो आलो ते? पान असलं की काही सांगावं लागत नाही. पान द्यायचं, बसायचं."

मावशीनं पोळी वाढली.

पहिला फुटवा दिसला तो काकांनी ज्याला 'गेला बिचारा' म्हणून सोडून दिलं होतं त्या खुंटावर. सालीतून तांबूस टाचणीचं डोकं वर आलेलं. काकांनी चष्मा काढला, पुसला, लावला. मग आणखी काही खुंटांवर दिसले. ज्यांच्यावर काकांचा भरवसा होता, ते दणकट, जाड खुंट मात्र काळे पडत गेले. दाबलं की साल मऊ लागायची. "यांच्यावरच मी जास्त शेण लिंपलं," काका म्हणाले. मी म्हणालो, "पलटणीतले जाडे असेच असतात." ते हसले नाहीत.

मग एका सकाळी बांधाच्या ओल्या मातीत रोझांच्या खुरांचे ठसे, आणि पहिल्या फुटव्याच्या जागी नुसता ओला चट्टा. रोझाला मारता येत नाही, तो नावानं गाय आहे. ओरडलं तर लांब उभा राहून आपल्याकडे असा बघतो की आपणच दुसऱ्याच्या शेतात शिरलोय. काकांनी शिव्या मराठीत दिल्या, शनाभाईंनी गुजरातीत. रोझ दोन्ही ऐकून घेत उभा राहिला.

तेव्हा मी आळसानं न तोडलेला गांडा बावळ कामाला आला. दिवसभर त्याच्या काटेरी फांद्या तोडून आम्ही जिवंत खुंटांभोवती कुंपणासारखी वाड केली. माझे हात चाळणीसारखे झाले. काका काटे काढून देत होते आणि म्हणत होते, "लाग. अजून लाग. चांगलं झालं." मला वाटतं त्या दिवशी त्यांनी मला माफ केलं, निदान काट्यांच्या प्रमाणात.

नवरात्र बसलं. शहरात गरबे घुमायला लागले. इकडे फुटवे बोटाएवढे झाले, पण पान उघडेना. कोवळं आपट्याचं पान दोन्ही पाकळ्या मिटून येतं, जोडलेल्या हातांसारखं. तांबूस, लवदार, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. त्याला सोनं म्हणायचं तर मन मोठं पाहिजे. काका रोज बघत, आणि रोज ते मिटलेलंच.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही वाड बाजूला केली. सगळ्यात जोमदार खुंटावर चार फुटवे होते. एक सरळ, जाडसर. बाकी तीन लहान, एक तर सरळसरळ लंगडा.

"या लंगड्याचं घ्या," मी म्हणालो. "नाहीतरी हजेरीत मोडणारच आहात. सरळ असलेल्याचा शेंडा खुडला तर तो मागे पडेल. तुम्हीच सांगता."

"दादाला छाटणीतलं देऊ?" काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी रोझ आहे. आणि सरळ फुटव्याचा शेंडा खुडला. दोन पानं आली. एक तिथल्या तिथे फाटलं. दुसरं त्यांनी रुमालात, रुमाल टोपीत, आणि टोपी डोक्यावर अशी ठेवली.

शियाबागेत दार उघडं होतं. दादा दाराकडे तोंड करून खाटेवर, मागे उशा लावलेल्या. इतका लहान झालेला माणूस मी बघितला नव्हता; मावशी सांगायची, धनाजीरावांचा आवाज दादांच्या आवाजापुढे मांजरासारखा होता. काका उंबऱ्यावर क्षणभर थांबले. मग आत गेले, टोपी काढली आणि रुमाल उलगडला. पान कोमेजलं होतं.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. नेहमीचा आवाज त्या खोलीत फार मोठा झाला.

पान त्यांनी सवयीनं दादांच्या उजव्या हातात ठेवलं. ते घरंगळून गोधडीवर पडलं. काकांनी ते उचललं, डाव्या हातात ठेवलं आणि त्याची बोटं आपल्या हातानं मिटवली. दादा त्यांच्याकडे बघत होते की त्यांच्या मागच्या दाराकडे, ते मला अजून सांगता यायचं नाही. एक डोळा पाणावलेला होता; पण वहिनी म्हणाल्या तो आता नेहमीच पाणावतो.

आता दादांनी पान द्यायचं. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी वहिनींनी ताटात बाजारची पानं ठेवली होती, धरणगावासारखी मोठी मोठी. त्यातलं एक घेऊन त्या दादांची बोटं उघडायला लागल्या. "अहो, धनाजीभाऊजींना द्या. सोनं द्या." बोटं उघडेनात. दादांनी मूठ घट्ट धरली होती. धरली होती की ती तशीच वळली होती, कोण सांगणार!

"राहू द्या वहिनी," काका म्हणाले.

"मग तुमचं सोनं?"

"त्याच्याकडे राहिलं."

"मी देते की त्यांच्या वतीनं. घ्या."

"नको. तुमच्याकडून घेतलं तर त्याचं फिटेल."

चहा आला. काका चहा पिऊन उठले नाहीत. दादांना झोप लागली तरी बसून राहिले. मी बाहेर सायकलीजवळ उभा राहून राहून कंटाळलो, आत डोकावलो, तर काका झोपलेल्या माणसाला कुठले खुंट फुटले आणि कुठले सडले ते ओळीनं सांगत होते. माझं नाव त्यात दोनदा आलं, चांगल्या अर्थानं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ते कपडे करून निघाले तेव्हा मावशीनं विचारलं, "बांधावर?"

"शियाबागेत."

"आज कुठला दसरा?"

"येणं आहे त्याच्याकडे माझं," काका म्हणाले. "वसुलीला नको जायला?"

आता दर रविवारी जातात. कधी मीही जातो. दादांची तब्येत आहे तशीच आहे. डॉक्टर म्हणतात, बघू या. म्हणजे आम्ही बांधावर जे करतो तेच. ते मिटलेलं पान कधी सुकलं, कधी गोधडी झटकताना गेलं, कुणाला माहीत नाही. वहिनींनी नव्या पानांची एक डहाळी खाटेच्या उशाशी खोचून ठेवली आहे, हाताला लागेल अशी. काका खाटेजवळ बसतात, इकडचं तिकडचं ओरडून सांगतात आणि निघायच्या आधी आपला तळवा दादांच्या डाव्या हाताजवळ उघडा धरतात. थोडा वेळ तसाच. दादा त्या तळव्याकडे बघतात, मग दाराकडे बघतात. काका हात मागे घेतात, गुडघ्याला पुसतात.

"चालेल," म्हणतात. "घाई नाही."

गेल्या रविवारीसुद्धा दिलं नाही.